कलेच्या इतिहासाची पदवी आणि बदलता अभ्यासक्रम : विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

बारावीचे निकाल लागले की मंडळाच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी यांची माहिती सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. गेली दोन-तीन वर्षे मात्र एक वेगळा प्रश्न कानावर येतो. "मुलीला कलेचा इतिहास शिकायचा आहे, पण अभ्यासक्रम म्हणे सारखे बदलताहेत. प्रवेश घ्यावा की नाही?"

माझी पदवी बी. कॉम.ची आणि सगळी नोकरी बँकेत गेली. कलेतला मी जाणकार नाही. पण घरातल्या एका मुलीच्या निमित्ताने या विषयातले नियम, परिपत्रके आणि क्रेडिटचे हिशेब मला कागद-पेन्सिल घेऊन समजून घ्यावे लागले. इतर कुणाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, म्हणून ते इथे एकत्र मांडले आहे.

ही पदवी म्हणजे काय आणि बडोद्याशी तिचे नाते काय

चित्र काढायला शिकणे वेगळे आणि कलेचा इतिहास शिकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी चित्र, मूर्ती, इमारत पाहायला आणि वाचायला शिकतो. ती कोणत्या काळातली, कोणी करवून घेतली, कोणत्या सामग्रीची, कोणत्या शैलीची, त्या काळच्या लोकांना तिच्यातून काय समजत असे, हे सगळे पुरावे देऊन लिहावे लागते. मूर्तिशास्त्र, सौंदर्यशास्त्र, लघुचित्रे, मंदिरस्थापत्य, पाश्चात्त्य कला, आधुनिक भारतीय कला हे तिचे नेहमीचे विषय. पुढे संग्रहालये, कलादालने, लिलावगृहे, प्रकाशन, जतनकार्य, अध्यापन आणि संशोधन अशा वाटा निघतात.

आपल्या गावाला हा विषय परका नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसा मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकला, शिल्पकला यांच्या बरोबरीने कलेच्या इतिहासालाही तिथे सुरुवातीपासून स्थान होते. चित्रकला विभागाचा पाया घालणारे नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे मराठी गृहस्थ, हे आपल्या नव्या पिढीला सहसा माहीत नसते. हर्मन गोएट्झ यांच्यासारखे कलेचे नामवंत इतिहासकार त्या सुमारास बडोदा संग्रहालयाचे संचालक होते. पुढे रतन परिमू, गुलाममोहम्मद शेख यांनी हा विषय इथे शिकवला. देशात कलेचा इतिहास हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवणाऱ्या जुन्या ठिकाणांत बडोद्याचे नाव पहिल्या काहींत घेतले जाते. शांतिनिकेतनचे कलाभवन, चंडीगडचे पंजाब विद्यापीठ, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही इतर ठिकाणे. शेवटच्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मिळते.

अभ्यासक्रम कोण बदलतो

"विद्यापीठाने बदलला" असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात बदल तीन पातळ्यांवर होतो, आणि आपला प्रश्न कोणत्या पातळीचा आहे हे कळले की कोणाकडे जायचे तेही कळते.

पहिली पातळी राष्ट्रीय. २९ जुलै २०२० रोजी केंद्राने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर केला. किती क्रेडिटला कोणते प्रमाणपत्र, मुख्य विषय किती, दुय्यम विषय किती, हे तिथे ठरते. त्याआधी २०१५ पासून निवडीवर आधारित श्रेयांक पद्धत होती.

दुसरी पातळी राज्य आणि विद्यापीठाची. राष्ट्रीय आराखडा किमान आकडे देतो. त्यावर सत्राला २० क्रेडिट ठेवायची की २२, कोणत्या वर्षापासून लागू करायचे, जुन्या विद्यार्थ्यांना किती संधी द्यायच्या हे इथे ठरते. म्हणून एकाच धोरणाखाली दोन विद्यापीठांची गुणपत्रिका सारखी दिसत नाही.

तिसरी पातळी विभागाची. प्रत्येक विषयाचे एक अभ्यास मंडळ असते. कोणती प्रश्नपत्रिका कोणत्या सत्रात, तिच्यात कोणते घटक, कोणती पुस्तके, हे ते मंडळ सुचवते. पुढे विद्याशाखा आणि विद्या परिषद यांची मंजुरी मिळाल्यावर ते अधिकृत होते. मंजुरीची तारीख महत्त्वाची. वर्गात सर सांगतात ते आणि मंजूर झालेले, यांत काही वेळा एक-दोन सत्रांचे अंतर पडलेले असते.

आशय कसा बदलला

जुना अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी कालानुक्रमाने जाई. सिंधू संस्कृती, मौर्य, गुप्त, अजिंठा-वेरूळ, चोळ ब्रॉन्झ, मुघल आणि राजपूत लघुचित्रे, कंपनी शैली, रवि वर्मा, बंगाल शैली, प्रोग्रेसिव्ह गट. आणि समांतर ग्रीसपासून विसाव्या शतकापर्यंतची युरोपीय कला. पाठांतर पुष्कळ, पण शेवटी हाती एक सलग नकाशा येई.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या मांडणीवर प्रश्न विचारले गेले. कलाकार आणि शैली यांच्या पलीकडे जाऊन कलाकृती कोणासाठी झाली, स्त्रिया आणि कारागीर इतिहासात कुठे आहेत, कॅलेंडर, सिनेमाची पोस्टरे, जाहिराती यांचा अभ्यास का नाही, असे ते प्रश्न होते. शिवाजी पणिक्कर, पारुल दवे मुखर्जी आणि दीप्ता आचार यांनी संपादित केलेला ‘टुवर्ड्स अ न्यू आर्ट हिस्टरी’ हा २००३ चा लेखसंग्रह या चर्चेत नेहमी सांगितला जातो. आता संग्रहालय अभ्यास, प्रदर्शन-नियोजन, दृश्य संस्कृती, डिजिटल दस्तऐवजीकरण असे विषय पदवी स्तरावर आले आहेत.

अलीकडचा बदल भारतीय ज्ञान परंपरेचा. आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकूण क्रेडिटपैकी किमान ५ टक्के क्रेडिट या परंपरेतील विषयांची घ्यावीत आणि त्यातली निम्मी आपल्या मुख्य विषयाशी संबंधित असावीत, अशी अपेक्षा आहे. कलेच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे जड जाऊ नये. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र, चित्राची षडंगे, शिल्पशास्त्राचे ग्रंथ हा त्याच्या विषयाचाच भाग आहे.

जुने चांगले की नवे, या वादात मी पडत नाही. पालकांनी एवढेच पाहावे की दोन्हींच्या मध्ये मूल अडकू नये.

क्रेडिटचा हिशेब

माझ्या ओळखीचा भाग इथे सुरू होतो. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा ट्युटोरियल. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर १५ तास. प्रात्यक्षिक किंवा स्टुडिओ असेल तर त्याच एका क्रेडिटला आठवड्याला दोन तास, म्हणजे सत्रात ३० तास. ४ क्रेडिटची लेखी प्रश्नपत्रिका ६० तासांची, तर ४ क्रेडिटचे प्रात्यक्षिक १२० तासांचे. वेळापत्रक भरगच्च दिसते त्याचे कारण बहुधा हेच.

२०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीची किमान क्रेडिट अशी आहेत:

• मुख्य विषय : ६०
• दुय्यम विषय : २४
• बहुविद्याशाखीय विषय : ९
• भाषा व क्षमता विकास : ८
• कौशल्य विषय : ९
• मूल्यवर्धन विषय : ६ ते ८
• उन्हाळी इंटर्नशिप : २ ते ४
• एकूण : १२०

चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला एकूण १६० लागतात. त्यात मुख्य विषय ८०, दुय्यम ३२ आणि संशोधन प्रकल्प १२; बाकीचे आकडे तेच. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तेवढे नसतील तर संशोधनाऐवजी १२ क्रेडिटच्या जादा प्रश्नपत्रिका घेऊन साधी ऑनर्स मिळते. काही राज्यांनी सत्राला २२ क्रेडिट धरली आहेत. तिथे तीन वर्षांची बेरीज १३२ होते.

आता तुलना पाहा. २०१५ च्या नमुना रचनेत बी. ए. ऑनर्सला १४० क्रेडिट होती. त्यात मुख्य विषयाच्या १४ प्रश्नपत्रिका आणि त्याच विषयातल्या ४ ऐच्छिक, प्रत्येकी ६ क्रेडिटच्या. म्हणजे १४० पैकी १०८ क्रेडिट मुख्य विषयाची, सुमारे ७७ टक्के. नव्या तीन वर्षांच्या पदवीत १२० पैकी ६०, म्हणजे निम्मी. चौथे वर्ष संशोधनासह केले तर ८० आणि १२ मिळून ९२.

याचा व्यवहारातला अर्थ असा की तीन वर्षांची नवी पदवी घेतलेल्या मुलाच्या हाती मुख्य विषयाचे तास पूर्वीपेक्षा बरेच कमी पडतात. ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, चौथे वर्ष पूर्ण करणे. दोन, दुय्यम विषय विचारपूर्वक निवडणे. इतिहास, पुरातत्त्व, संस्कृत, संग्रहालयशास्त्र यांपैकी एखादा दुय्यम विषय घेतला तर ती २४ क्रेडिटही कलेच्या इतिहासाच्या कामी येतात. "जो सोपा, ज्यात गुण मिळतात तो" या हिशेबाने दुय्यम विषय घेतलेली मुले पुढे हळहळतात.

आमच्या घरचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाची मुलगी २०२० मध्ये परराज्यातल्या एका विद्यापीठात कलेच्या इतिहासाच्या तीन वर्षांच्या पदवीला गेली. खरे सांगायचे तर तेव्हा मी तिला बी. कॉम. कर म्हणून सांगितले होते. ती हसून म्हणाली, "काका, तुम्ही केलंत ना, घरात एक पुरे."

दोन वर्षे व्यवस्थित गेली. २०२२ मध्ये भावाला मोठे आजारपण आले आणि तिने शिक्षण थांबवून घर सांभाळले. जून २०२४ मध्ये ती तिसऱ्या वर्षाला परत गेली. मधल्या दोन वर्षांत विद्यापीठाने नवी रचना आणली होती. पहिल्या वर्षी पहिले वर्ष, पुढच्या वर्षी दुसरे, अशी ती चढत चढत नेमकी त्याच जूनमध्ये तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचली होती. तिची जुनी तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली होती. जुना वर्गच उरला नव्हता.

कार्यालयाने तिला नव्या तिसऱ्या वर्षात बसवले. फी भरली, वर्ग सुरू झाले. महिनाभराने तिच्या लक्षात आले की पाश्चात्त्य कलेची जी प्रश्नपत्रिका तिने दुसऱ्या वर्षी उत्तीर्ण केली होती, ती नव्या रचनेत तिसऱ्या वर्षी गेली आहे. आणि जुन्या तिसऱ्या वर्षात असलेले सौंदर्यशास्त्र नव्या रचनेत दुसऱ्या वर्षी आले आहे. म्हणजे एक विषय ती दोनदा शिकणार होती आणि एक विषय एकदाही नाही. त्याशिवाय दुय्यम विषयाची आणि मूल्यवर्धनाची क्रेडिट तिच्या खात्यावर नव्हतीच, कारण ती शिकली तेव्हा ते प्रकारच नव्हते.

तिचा फोन आला तेव्हा मला आमच्या शाखेचे संगणकीकरण आठवले. जुन्या लेजरमधली प्रत्येक शिल्लक नव्या यंत्रणेत ओढताना आम्ही रात्री जागून एक-एक खाते ताडून पाहत होतो. एखादी नोंद सुटली तर खातेदाराची चूक नसताना त्याचे पैसे अडकायचे. इथेही तसेच. फरक एवढाच की बँकेत ताडून पाहणे आमचे काम होते, इथे ते विद्यार्थ्यालाच करावे लागले.

ती विभागप्रमुखांना भेटली. बाईंनी तिचे म्हणणे समजून घेतले, पण कार्यालयाने जुन्या अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत मागितली. संकेतस्थळावरून जुना अभ्यासक्रम काढून टाकला होता. तिच्याकडे प्रवेशाच्या वेळची छापील पुस्तिका होती, पण तिच्यावर शिक्का नव्हता. शिक्क्याची प्रत मिळायला तीन महिने गेले. अखेर पाश्चात्त्य कलेला समतुल्यता मिळाली, सौंदर्यशास्त्र तिने जादा विषय म्हणून दिले आणि राहिलेली क्रेडिट एका वाढीव सत्रात पूर्ण केली. पदवी झाली. पण त्या वर्षीच्या एम. ए.च्या प्रवेशाची तारीख निघून गेली होती. एका शिक्क्यापायी तिचे जवळजवळ एक वर्ष गेले.

मला स्वतःलाही दोष द्यावा लागेल. आयुष्यभर दुसऱ्यांना पावती जपून ठेवा म्हणून सांगितले. घरच्या मुलीला ती सुट्टीवर जाताना लेखी परवानगी घे, एवढे सांगायचे सुचले नाही.

बदलाच्या काळात काय सांभाळावे

वरच्या अनुभवावरून आणि नियम वाचून ही यादी केली आहे. छापून मुलाच्या फाइलमध्ये ठेवावी.

१. प्रवेश घेतला त्या वर्षाचा संपूर्ण अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. प्रश्नपत्रिकांची नुसती नावे पुरत नाहीत. प्रत्येकीचे घटक, तास आणि क्रेडिट त्यात हवेत. पहिल्याच वर्षी विभागाकडून त्यावर सही-शिक्का घ्यावा. तेव्हा पाच मिनिटांत होते.

२. आपण कोणत्या वर्षाच्या नियमावलीखाली आहोत ते लेखी विचारावे. साधारणपणे प्रवेशाच्या वर्षाचा अभ्यासक्रम लागू राहतो; पण खंड पडला, वर्ष राहिले किंवा विद्यापीठ बदलले की हे बदलू शकते.

३. रचना बदलली की विभाग जुन्या-नव्या प्रश्नपत्रिकांचा समतुल्यता तक्ता करतो. तो मागून घ्यावा आणि आपली गुणपत्रिका समोर ठेवून ओळीने ताडावा. नावावर जाऊ नये. ‘भारतीय कला २’ या नावाखाली एका रचनेत मध्ययुगीन मंदिरे असतील, तर दुसऱ्या रचनेत मुघल चित्रे.

४. दोन याद्या कराव्यात. पहिली, जे आपण पुन्हा शिकणार आहोत ते. दुसरी, जे आपण कधीच शिकणार नाही ते. पहिल्या यादीबद्दल सगळे भांडतात. दुसरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढे एम. ए.च्या वर्गात किंवा नेटच्या परीक्षेत तीच अडते.

५. विषय राहिला असेल तर जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा किती वेळा होणार हे विचारावे. ही संधी मोजक्या वेळा मिळते. शेवटची परीक्षा चुकली की नव्या अभ्यासक्रमाची परीक्षा द्यावी लागते.

६. सुट्टी घ्यायची असेल तर अर्ज, त्यावरची पोच आणि परवानगीचे पत्र तिन्ही हवीत. "मॅडमना सांगितलं होतं" याला कार्यालयात किंमत नसते. यात मॅडमचाही दोष नाही. उद्या त्या निवृत्त होतात.

७. अर्ज योग्य पातळीवर करावा. प्रश्नपत्रिकेच्या आशयाचा प्रश्न विभागप्रमुखांकडे, समतुल्यतेचा अधिष्ठात्यांमार्फत, गुणपत्रिकेचा परीक्षा विभागाकडे. एकाच पत्रात तिन्ही लिहिले तर ते तिन्ही टेबलांवर फिरते आणि कुठेच थांबत नाही.

८. सत्र सुरू होऊन पहिल्या दोन आठवड्यांत हे सगळे तपासावे. त्या काळात विषय बदलून मिळतो. परीक्षेचा अर्ज भरल्यावर हात बांधलेले असतात.

क्रेडिटचे पासबुक

जुलै २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची योजना सुरू झाली. नाव बँकेचे असल्याने मी उत्साहाने वाचायला घेतली. विद्यार्थ्याचे खाते उघडते, तो ज्या ज्या मान्य संस्थेत शिकेल तिथली क्रेडिट त्यात जमा होतात आणि पुरेशी झाली की पदवीसाठी वापरता येतात. डिजिलॉकरमधून खाते पाहता येते. आता ते बारा अंकी अपार क्रमांकाशी जोडले जाते.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, या खात्यात विद्यार्थी स्वतः भरणा करू शकत नाही. क्रेडिट संस्थाच जमा करते. म्हणून प्रत्येक निकालानंतर खाते उघडून पाहावे. नोंद नसेल तर लगेच लिहावे.

दोन, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासूनची क्रेडिटच यात धरली जातात. आमच्या पुतणीचे पहिले वर्ष म्हणूनच या खात्यात दिसत नव्हते आणि तिला कागदी गुणपत्रिकेवर विसंबावे लागले.

तीन, जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे चालतात.

‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही क्रेडिटसाठी चालतात. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घेण्यास आयोगाची मुभा आहे. पण आपले विद्यापीठ तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य करते का, हे नाव नोंदवण्याआधी विचारावे. आधी शिकून मग विचारणारे निराश होतात. राहिलेला एखादा विषय भरून काढायला मात्र ही चांगली सोय आहे.

मध्येच थांबावे लागले तर

नव्या रचनेत मध्येच बाहेर पडण्याची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिटवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० क्रेडिटवर पदविका, तिसऱ्या वर्षानंतर पदवी. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडताना ४ क्रेडिटचा उन्हाळी व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण असावी लागते. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते.

ही सोय चांगली आहे. घरी आजारपण, लग्न, पैशाची अडचण आली तर पूर्वी वर्षे वाया जात. पण परतण्याचा हक्क मिळाला म्हणजे जुना अभ्यासक्रम परत मिळेल असे नाही. तीन वर्षांत अभ्यास मंडळाने काय बदलले असेल ते बदललेलेच राहणार. म्हणून थांबणाऱ्या मुलांनी निदान वर्षातून एकदा विभागाशी संपर्क ठेवावा.

पुढची वाट

तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाचे, अशी तरतूद आयोगाने २०२४ मध्ये केली. दोन्हींची बेरीज पाचच वर्षे होते. मात्र एक वर्षाचे एम. ए. कोणत्या विद्यापीठात प्रत्यक्ष सुरू आहे हे आधी पाहून मगच चौथ्या वर्षाचा निर्णय घ्यावा.

अध्यापन किंवा संशोधन करायचे असेल तर नेट परीक्षा आहे. कलेचा इतिहास त्यात दृश्य कला या विषयात येतो, विषयाचा क्रमांक ७९. चित्रकला, शिल्प, ग्राफिक्स, उपयोजित कला यांचे प्रश्नही त्याच प्रश्नपत्रिकेत असतात. पहिल्या पेपरला ५० प्रश्न व १०० गुण, दुसऱ्याला १०० प्रश्न व २०० गुण, दोन्हींना मिळून तीन तास. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांनाही २०२४ पासून पीएच.डी.साठी ही परीक्षा देता येते. संग्रहालयशास्त्र व जतन हा नेटमधला वेगळा विषय आहे.

परदेशी जाणाऱ्यांनी सत्रवार गुणांचा उतारा आणि अभ्यासक्रमाची शिक्क्याची प्रत आधीच काढून ठेवावी. तिथली विद्यापीठे प्रत्येक विषयात काय शिकलात ते पाहतात. रचना बदलण्याच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना त्यावर एखादे खुलाशाचे पत्रही लागू शकते.

जे बदलत नाही

शेवटी एक घरगुती सूचना. प्रश्नपत्रिका कुठल्याही सत्रात जावो, पाहायच्या वस्तू आपल्या गावात जागच्या जागी आहेत. सयाजीबागेतल्या संग्रहालयात अकोट्याची जैन धातुशिल्पे आहेत आणि शेजारच्या चित्रदालनात युरोपीय चित्रे. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. लक्ष्मीविलास राजवाड्यात रवि वर्मा आहेत. रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रे पाहायला लोक दुरून येतात आणि आपण रोज समोरून स्कूटरने जातो. पावागड-चांपानेर तासा-दीड तासावर. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

पुतणी दिवाळीला आली होती तेव्हा ती मला तांबेकर वाड्यात घेऊन गेली. बडोद्यात साठ वर्षे राहून मी पहिल्यांदा तो जिना चढलो. एका भिंतीपाशी थांबून ती मराठे आणि इंग्रजांच्या लढाईचे चित्र मला समजावून सांगत होती. कोण कोणत्या बाजूचा, पोशाख असे का, रंग कुठून आला. ती जवळजवळ अर्धा तास बोलत होती. यातले किती क्रेडिट कोणत्या रचनेत बसते, हे विचारायचे मला सुचले नाही.

तेव्हा ज्या मुलांना या विषयाची ओढ आहे त्यांना अभ्यासक्रम बदलतो या भीतीने अडवू नये. कागद सांभाळावेत, दर सत्राला हिशेब ताडावा, आणि मुलांना शिकू द्यावे. कोणाला समतुल्यतेच्या अर्जाचा मसुदा हवा असल्यास किंवा गुणपत्रिका ताडून पाहायला सोबत हवी असल्यास, रविवारी सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात असतो. येताना गुणपत्रिका आणि दोन्ही अभ्यासक्रम घेऊन यावेत. चहाची व्यवस्था आहे.